टबवरचा थर घासू नका, विरघळवा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लातूरला तुम्ही घेतलेल्या जुन्या घरात आधीपासून बाथटब आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून बसतात आणि तिथेच साबण लावून अंघोळ उरकतात. पाणी जिथपर्यंत चढतं तिथे टबाला करडी-पिवळी रेघ धरली आहे, तळाला खरखरीत पांढरा थर बसलाय, नळाखाली तांबूस ओघळ उतरलाय. टॉयलेट क्लीनर ओतून तारेच्या घासणीनं घासलं तर थर अर्धाच निघाला, चकाकी गेली आणि आता बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागलेत. यापेक्षा कडक ॲसिड कोणतं वापरावं की सरळ टबच बदलावा, असं तुम्ही विचारलंय.

छत्रपती संभाजीनगरात हॉटेलांच्या हाऊसकीपिंगमध्ये माझी बरीच वर्षं गेली. अजिंठा-वेरूळला येणाऱ्या पाहुण्यांमुळे आमच्याकडे टब असलेल्या खोल्या भरपूर, आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं की टबांची हालत तुमच्यासारखीच व्हायची. आता मी घरोघरी आणि लॉजवर साफसफाईची कामं घेते. म्हणून पहिल्यांदा हे सांगते की टब बदलायची घाई करू नका. आणि आणखी कडक ॲसिड तर अजिबात आणू नका.

तुम्ही याला मळ म्हणताय, पण हा मळ नाही. मळ घासल्यावर जातो. तुमच्या टबावर निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकावर एक बसल्यात आणि प्रत्येकीला उतरवायची रीत वेगळी आहे. एकाच बाटलीनं तिन्ही काढायला गेलं की थर अर्धा निघतो आणि टब खराब होतो. तुमचं नेमकं तेच झालंय.

आधी पांढरा थर. आपला बहुतेक मराठवाडा काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलाय. पाणी या खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. बोअर जितकी खोल आणि पाणी खडकात जितकं जास्त काळ मुरलेलं, तितकं ते साधारणपणे जड. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि हीटरच्या रॉडवर पांढरं कवच चढतं, तेच हे पाणी. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. समजा तुमच्या बोअरचं पाणी ४०० चं आहे. अंघोळ झाल्यावर टबाच्या तळाला आणि भिंतींना मिळून फक्त एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी चिकटून राहिलं आणि तिथेच वाळलं, तर ८० मिलिग्रॅम क्षार मागे राहतो. रोज असं झालं तर वर्षाला जवळपास २९ ग्रॅम. खडूची तेवढी भुकटी एका वाटीत घेऊन बघा, म्हणजे तळाला काय साचलंय ते लक्षात येईल.

शहरात मांजरा धरणाचं पाणी येतं तेव्हा थर कमी धरतो आणि ते बंद होऊन बोअर किंवा टँकर सुरू झाला की वाढतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. धरणात साठलेलं पावसाचं पाणी साधारणपणे बोअरपेक्षा हलकं असतं. त्यामुळे टबाची काळजी बारा महिने सारखी घ्यावी लागत नाही. पाणी बदललं की सवय बदलायची, एवढंच.

आता ती करडी-पिवळी रेघ. ही साबणाची आहे. आपला अंगाचा साबण म्हणजे तेलातल्या आम्लांचं सोडियमशी झालेलं मीठ, ते पाण्यात विरघळतं. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या सोडियमची जागा घेतं आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. चिकट, मेणचट, राखाडी साय होऊन ते वर तरंगतं. पाण्याच्या कडेला टबाला चिकटतं, म्हणून रेघ नेमकी पाण्याच्या पातळीलाच असते. त्यात अंगावरचं तेल, उटणं, केस, धूळ मिसळते आणि रंग पिवळसर होतो.

इथे तुमच्या घरातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे एप्सम सॉल्ट. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. साबण फाडणाऱ्या दोन क्षारांपैकी एक आपण स्वतःच्या हातानं पाण्यात टाकतो. शंभर लिटर पाण्यात पाव किलो एप्सम सॉल्ट टाकलं तर पाण्याचा कठीणपणा लिटरला सुमारे १००० मिलिग्रॅमनं वाढतो. तुमचं पाणी आधीच ४०० चं असेल तर ते १४०० वर गेलं. त्याच पाण्यात साबण लावला की फेस होण्याआधीच निम्मा साबण साय होऊन वर येणार. सासूबाईंना शेकानं बरं वाटतंय तर त्यांना बसू द्या, ते बंद करायला मी सांगणार नाही. फक्त त्या पाण्यात साबण नको. आधी बसणं, मग टब रिकामा, मग बादलीतल्या साध्या पाण्यानं साबण लावून अंघोळ. एवढ्या एका बदलानं रेघ निम्म्याहून कमी होईल, असा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट तांबूस ओघळ. तो लोखंडाचा. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं, जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप गंजलेला असतो किंवा टाकीच्या तळाला गाळ असतो. ते पाणी हवेला लागलं की गंज होऊन बसतो. ओघळ फक्त नळाखाली असेल तर नळ ठिबकतोय, हे जवळजवळ नक्की. आणि ते नवे तपकिरी ठिपके? तारेच्या घासणीचे बारीक तुकडे तुटून टबाच्या चरांत अडकले आणि आता तिथे गंजतायत. बऱ्याच घरांत मी हे बघते. लोकांना वाटतं टब सडायला लागला, पण तसं काही नसतं.

काही लावण्याआधी एकच गोष्ट पक्की करून घ्या, तुमचा टब कशाचा आहे. सगळं त्यावर अवलंबून आहे. बाहेरच्या बाजूला फ्रिजवर लावतात तसलं लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर टब लोखंडी किंवा पोलादी आहे आणि वर एनॅमलचा म्हणजे काचेसारखा मुलामा आहे. नाही चिकटलं, हाताला उबदार लागला आणि ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ॲक्रिलिक किंवा फायबर. काही जुन्या घरांत विटा-सिमेंटचा हौद बांधून त्याला टाइल किंवा संगमरवर लावलेला असतो. संगमरवर असेल तर पुढे मी सांगते त्यातलं कुठलंही आंबट लावू नका, लिंबूसुद्धा नाही. कारण संगमरवर आणि तुमचा पांढरा थर ही एकाच जातीची वस्तू आहे, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. जे थराला खाईल ते दगडालाही खाईल. तिथे फक्त भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी आणि सबुरी.

तुमच्या वर्णनावरून मला ॲक्रिलिक किंवा फायबर वाटतंय, कारण तार फिरवल्यावर चकाकी इतक्या लवकर गेली. पण चुंबक लावून खात्री करा.

मग थरावर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि डोळे जवळ नेऊन बघा. बारीक बुडबुडे उठले तर तो क्षाराचा थर. काहीच झालं नाही आणि नखानं खरवडल्यावर मेणासारखी गुंडाळी निघाली तर साबणाची साय. दोन्ही झालं तर दोन्ही आहेत, आणि तुमच्याकडे दोन्हीच असणार.

साफ करायची रीत सांगते. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, हातात रबरी मोजे घाला. टॉयलेट क्लीनरचा किंवा दुसऱ्या कशाचा अंश राहिला असेल तर टब आधी साध्या पाण्यानं नीट धुऊन घ्या.

पहिल्यांदा चिकटपणा काढायचा. अर्धी बादली कोमट पाणी, त्यात दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड. मऊ स्पंजनं सगळा टब पुसून घ्या, रेघेवर जरा जास्त वेळ फिरवा आणि दहा मिनिटं राहू द्या. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं. उकळतं पाणी ॲक्रिलिकवर ओतू नका, ते मऊ पडून वाकतं. ही पायरी लोक टाळतात आणि तिथेच फसतात. वर तेलकट साय असताना आंबट पाणी कितीही ओतलं तरी ते खालच्या क्षारापर्यंत पोहोचतच नाही.

टब धुऊन झाला की आंबटाचा लेप. मी सायट्रिक ॲसिड वापरते. किराणा दुकानात किंवा केक-बिस्किटाचं सामान विकणाऱ्याकडे ते साखरेसारख्या पांढऱ्या दाण्यांत मिळतं, बऱ्याच ठिकाणी लिंबूसत्त्व म्हणतात. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम टाकून ढवळा. व्हिनेगरही चालतं, त्यात ४ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. पण वासानं डोकं उठतं आणि टबभर लावायला बाटल्या लागतात. लिंबू पिळलं तर चालेल, पण रसातला गर आणि गोडवा मागे चिकटतो. चिंचेनं पितळ उजळतं म्हणून काही जणी टबालाही चिंच लावतात. आंबट तर तिच्यातही आहे, पण पांढऱ्या टबावर तिचा रंग उतरतो, म्हणून तो प्रयोग नको.

हे पाणी नुसतं शिंपडलं तर भिंतीवरून ओघळून खाली जातं आणि काम होत नाही. थराला ते धरून ठेवायला हवं. जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या पट्ट्या फाडा, द्रावणात भिजवा आणि टबाच्या भिंतीवर, रेघेवर, तळावर चिकटवा. ओल्या कपड्याला भिंत धरून ठेवते. वरून प्लॅस्टिकची पिशवी कापून लावा, म्हणजे वाळणार नाही. ॲक्रिलिक-फायबर असेल तर अर्धा तास. एनॅमल असेल तर द्रावण निम्म्या ताकदीचं करा आणि दहा मिनिटांत काढा, कारण जुन्या एनॅमलला आंबट फार वेळ लागलं तर त्याचीही झळाळी जाते. आधी एका कोपऱ्यात लावून बघावं हे वेगळं सांगायला नको.

पट्टी उचलल्यावर काय दिसेल ते आत्ताच सांगून ठेवते, कारण नेमक्या या जागी बहुतेक जण हात टेकतात. तळाचा खरखरीत थर भुसभुशीत झालेला असेल, बोटानं सरकेल. पण रेघेच्या जागी पांढरट, तुपट ओशटपणा दिसेल. वाटेल, हे तर आणखीच वाढलं. तसं नाही. आंबटानं साबणाच्या सायीतलं कॅल्शियम सोडवून घेतलं आणि मागे मोकळं तेलाचं आम्ल उरलं. ते पाण्यानं जात नाही, पण भांड्यांच्या लिक्विडनं लगेच जातं. म्हणून धुवा, परत लिक्विडचा स्पंज फिरवा, परत धुवा. एका फेरीत एक थर सुटतो. वर्षानुवर्षांचं साचलेलं असेल तर साबण-क्षार-साबण असे पापुद्रे असतात, त्यामुळे लिक्विड आणि आंबट असं आलटून पालटून करावं लागतं. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरू नका. आज दोन फेऱ्या, परवा दोन फेऱ्या. जोर लावायची वेळ आली तर समजा अजून वेळ द्यायला हवा. भुसभुशीत झालेला थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं हळूच सरकवता येतो. तार, सुरी, ब्लेड, विटेची पूड, राख यातलं काही नको.

इंटरनेटवर एक उपाय फार फिरतो, खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचं. फसफसतं, बघायला मजा येते. पण सोडा आणि आंबट एकमेकांना मारतात आणि तुमच्या हातात जवळजवळ साधं पाणी उरतं. सोडा वापरायचाच असेल तर वेगळा, लिक्विडसोबत ओलसर करून, मऊ स्पंजनं साबणाच्या रेघेवर. तिथे तो उपयोगी आहे. आंबट वापरायचं तेव्हा सोडा नको.

तांबूस ओघळ आणि ठिपक्यांनाही सायट्रिकच चालतं, फक्त वेळ जास्त. कापसाचा बोळा द्रावणात भिजवून डागावर ठेवा, वर प्लॅस्टिक, तासाभरानं बदला. गंज हळूहळू पिवळा पडत निघतो. एनॅमलवर इथेही दहा-दहा मिनिटांचीच मुदत पाळा. पोलिशवाले लाकडावरचे डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, गंजावर ते जास्त चालतं हे खरं, पण ते विषारी आहे. घरात म्हातारं माणूस त्या टबात बसणार असेल तर मी ते सुचवणार नाही.

गंजावर ब्लीच मात्र चुकूनही टाकू नका. ब्लीचनं गंज जात नाही, उलट पाण्यातलं लोह लवकर गंजून डाग पक्का होतो. ब्लीच लागतं ते फक्त टब आणि भिंत यांच्या जोडावरच्या सिलिकॉनवर काळी बुरशी आली तर. तेही पाण्यात पातळ करून, वेगळ्या दिवशी.

वेगळ्या दिवशी का, ते जरा जोर देऊन सांगते. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तुम्ही वापरलेल्या टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, बाटलीच्या मागे वाचा. ते टबात असताना कोणी वरून ब्लीच ओतलं तर बंद न्हाणीघरात डोळे आणि छाती जळायला लागते, श्वास कोंडतो, जिवावर बेतू शकतं. सायट्रिक किंवा व्हिनेगर सौम्य असलं तरी ब्लीचबरोबर तेही वायू सोडतं. घरात कामाला मावशी येत असतील तर त्यांना हे समोर बसवून सांगा. बऱ्याचदा घरची माणसं एक बाटली वापरतात आणि मावशी दुसरी, कोणाला कोणाचं माहीत नसतं. दोन्ही बाटल्या एका फडताळात ठेवूच नका. आणि असा वास आलाच, तर नाक दाबून सफाई पुरी करायला थांबू नका. दार उघडं टाकून लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला किंवा छातीत जळजळ थांबली नाही तर दवाखाना गाठा.

टॉयलेट क्लीनर टबाला का नको, तेही यातच आलं. ते संडासच्या भांड्यासाठी, पक्क्या भाजलेल्या चिनी मातीसाठी बनवलेलं असतं. टबाचा मुलामा, नळाचं क्रोम, टाइलच्या सांध्यातलं सिमेंट यांतलं काहीच त्याला टिकत नाही. फरशीचं ॲसिड म्हणून गाड्यावर सुट्या बाटल्यांत मिळतं ते तर घरातच आणू नका. नळाच्या क्रोमवरचे पांढरे ठिपकेही सायट्रिकनंच काढा, पाचेक मिनिटं ओली पट्टी गुंडाळून, आणि लगेच कोरडं पुसा.

हळद आणि उटण्याच्या डागाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर आणि हळदीच्या कार्यक्रमानंतर मला हमखास फोन येतात. हळदीला साबण किंवा सोडा लागला की ती लालसर होते. रंग बदलला म्हणून घाबरू नका. आधी तेल काढा, म्हणजे भांड्यांचं लिक्विड. मग औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन डागावर ठेवा आणि नंतर धुवा. न्हाणीघरात ऊन येत असेल तर उरलेला पिवळेपणा उन्हानं आपोआप उडतो.

आता गेलेली चकाकी. इथे मी खोटी आशा देणार नाही. थर गेल्यावर बरीचशी चमक परत दिसेल, कारण सध्याचा मंदपणा थोडा क्षाराचा आणि थोडा चरांचा आहे. चरांचा जो भाग आहे तो सफाईनं जाणार नाही. टब ॲक्रिलिक असेल तर खूप बारीक वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, आधी ८०० नंबरचा मग वाढत २००० पर्यंत, पाणी लावून हलक्या हातानं फिरवायचा आणि वर पॉलिश कंपाउंड. गाडीचं पॉलिश करणारा हुशार कारागीर हे काम चांगलं करतो. फायबरचा असेल तर वरचा थर पातळ असतो, तिथे वॉटर पेपर नको, नुसतं कंपाउंड. एनॅमलची गेलेली झळाळी घरी परत येत नाही. त्यावर नवा रंग चढवून मिळतो, पण तो भट्टीत भाजलेला नसतो, त्यामुळे मूळ एनॅमलइतका टिकत नाही. टब बदलण्याची वेळ येते ती तळाला आरपार तडा गेला किंवा एनॅमल उडून आतलं लोखंड गंजायला लागलं तर. डागासाठी टब बदललात आणि पाणी तेच राहिलं, तर नव्या टबालाही हीच रेघ धरणार.

थर परत धरू नये यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टब कोरडा ठेवणं. पांढरा थर भरलेल्या पाण्यानं बसत नाही, वाळणाऱ्या थेंबांनी बसतो. पाणी सोडल्यावर एक मगभर साधं पाणी भिंतीवरून फिरवायचं आणि लगेच हातवायपर किंवा जुना पंचा फिरवायचा. दोन मिनिटांचं काम आहे. हॉटेलात आम्ही प्रत्येक खोलीत हेच करायचो, आणि ज्या मजल्यावर हे नेमानं व्हायचं तिथे ॲसिडची गरज क्वचितच पडायची.

शेवटचं फिरवायचं पाणी कोणतं, याचाही विचार करा. आपल्याकडे आरओचं टाकाऊ पाणी साठवून वापरायची चांगली सवय आहे, पण टबाला ते नको. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते संडासात ओता. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात एसी रोज चालतो तेव्हा त्याखाली बादली लावा आणि टबाला शेवटचा हात त्या पाण्याचा द्या. पावसाळ्यात गच्चीवरचं स्वच्छ पाणी धरता आलं तर तेही उत्तम. तुरटीनं पाणी निवळतं, पण कठीणपणा कमी होत नाही, म्हणून टबासाठी तिचा उपयोग नाही.

साबण बदलता आला तर बदला. जड पाण्यात फाटत नाही ते बॉडी वॉश, कारण बहुतेक बॉडी वॉश खऱ्या अर्थानं साबण नसतात. सासूबाईंना ते बुळबुळीत वाटेल आणि आवडणार नाही, हे मी समजू शकते. त्यांना केसांसाठी रिठा-शिकेकाईची सवय असेल तर ती चांगलीच आहे, त्यांची साय धरत नाही. फक्त शिकेकाईचा तपकिरी चोथा टबात वाळू देऊ नका, आणि डाळीचं पीठ लावत असाल तर ड्रेनच्या तोंडाशी जाळी हवी.

सॉफ्टनर बसवावा का? घराचं बजेट आणि पाण्याची उपलब्धता यावर ते ठरेल. तो क्षार काढून त्या जागी सोडियम सोडतो, साबणाची साय बंद होते, गीझरही वाचतो. पण ठरावीक दिवसांनी मिठाचं पाणी फिरवून तो धुवावा लागतो आणि त्यात पाणी वाया जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं लातूर आहे तुमचं, ही गोष्ट तुम्हाला मी सांगायची गरज नाही. म्हणून आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. अहवालात टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचा एकूण आकडा बघून थांबू नका, एकूण कठीणपणा आणि लोह हे दोन आकडे बघा. हातातला टीडीएस मीटर कठीणपणा दाखवत नाही. कठीणपणा २०० च्या आसपास असेल तर सॉफ्टनरवर पैसे घालू नका, वायपर पुरे. ६०० च्या वर असेल तर टबापेक्षा गीझर आणि वॉशिंग मशीनसाठी त्याचा विचार करा.

पाण्यावरून आठवलं, ही सगळी सफाई दोन-तीन बादल्यांत होते. टब भरून त्यात व्हिनेगर ओतायचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. निम्मा टब म्हणजे शंभरेक लिटर पाणी, आणि त्यात दोन-चार बाटल्यांनी काही फरकही पडत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. सुरुवात नळाचा वॉशर बदलण्यापासून, नाहीतर ओघळ काढल्यावर आठवड्यात परत येईल. मग चुंबक आणि व्हिनेगरचा थेंब. मग लिक्विड, सायट्रिकच्या पट्ट्या, परत लिक्विड. ठिपक्यांवर कापसाचे बोळे सगळ्यात शेवटी, कारण थराखाली दडलेले आणखी ठिपके तेव्हाच दिसतील. आणि सगळं झाल्यावर सासूबाईंना टबात बसवण्याआधी तळावर पायानं एकदा घासून बघा. लिक्विडचा किंवा त्या ओशट थराचा अंश राहिला असेल तर टब फार निसरडा होतो. रबरी मॅट टाका, धरायला भिंतीवर दांडी नसेल तर बसवून घ्या, आणि मॅट रोज उचलून उभी करून वाळवा, नाहीतर तिच्या चोषकांखाली गोल गोल डाग पडतील.

चुंबक चिकटलं की नाही, आणि थेंब टाकल्यावर बुडबुडे आले की नाही, एवढं कळवा. एनॅमल निघालं तर पट्ट्या लावायच्या आधी मला विचारा, मग किती मिनिटं ठेवायच्या ते टबाची अवस्था बघून सांगते.